घरातल्या घरात लिहावयास जागा

(संघाच्या वार्षिक मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



दरवर्षी या व्यासपीठावरून एखाद्या विद्वान गृहस्थाचे व्याख्यान होत असते. यंदा तो मान आमच्याकडे आला, यात आमच्या विद्वत्तेचा भाग यत्किंचितही नाही. आम्ही मॅट्रिकपर्यंत शिकलेले, आणि रत्नागिरी जिल्ह्यातील खेड्यांतून जन्मभर पाढे नि शुद्धलेखन शिकविलेले एक प्राथमिक शिक्षक आहोत. परंतु निवृत्तीनंतर आपल्या ज्ञातीच्या कुलवृत्तांताची माहिती गोळा करण्याचे काम संघाने आमच्यावर सोपविले, आणि त्या कामाच्या ओघात एक अडचण पुन्हा पुन्हा समोर उभी राहिली. ती अडचण आपणांपुढे मांडावी आणि तिच्यावरचा एक उपायही सुचवावा, एवढाच आजच्या बोलण्याचा हेतू आहे.

अडचण अशी. आम्ही घरोघर माहितीपत्रके पाठवितो. नाव, गाव, जन्मसाल, शिक्षण, व्यवसाय हे रकाने भरून येतात. शेवटी एक मोठा चौकोन आहे : ‘घराण्यासंबंधी आठवणी’. तो बहुधा कोरा येतो. मग आम्ही दूरध्वनी करतो, प्रत्यक्ष जातो. गेल्यावर चहा येतो आणि चहाबरोबर दोन-दोन तास आठवणी येतात! कोणाचे आजोबा बोटीने मुंबईस आले, कोणत्या शाखेने देव कोठे हलविले, सगळे त्यांना मुखोद्गत असते. ‘हे लिहून का नाही पाठविले?’ असे विचारले की उत्तर ठरलेले : ‘मास्तर, आठवते सगळे, पण घरात लिहायला बसू कुठे?’

ही सबब नव्हे. आम्ही त्या घरांतून बसून आलो आहोत.

कोकणातील जुन्या घरात लिहिण्याची जागा ठरलेली असे. ओटीवर, खिडकीचा उजेड डाव्या हाताला येईल अशा बेताने, बैठकीवर एक उतरते मेज असे. उजेड डावीकडून आला म्हणजे हाताची सावली अक्षरावर पडत नाही, हे आम्हीही मुलांना शिकवीत असू. घरातील कर्ता पुरुष तेथे बसून खंडाचे आणि शेतसाऱ्याचे कागद, पत्रे, जमाखर्च लिहीत असे. तो लिहावयास बसला की त्याला हाक मारावयाची नाही, असा दंडक होता. कोणी तो कोठे लिहून ठेविला नव्हता, पण पोरासोरांपासून सर्वांस ठाऊक होता. ओटीच्या मागे माजघर. तेथे उजेड बेताचाच. बाळंतपणे तेथे होत, आजारपणे तेथे निघत, सोयरिकींची पहिली कुजबूज तेथेच होई. मेज मात्र तेथे कधी नव्हते. म्हणूनच आज जुन्या घरांतून जे बासनात बांधलेले सापडते ते बांधाचे तंटे, दत्तकपत्रे आणि खंडाच्या पावत्या. माजघरात काय घडले त्याचा एक चिटोराही हाती लागत नाही. कुलवृत्तांत उघडून पाहा : पुरुषांच्या सात-सात पिढ्या शिस्तीने एकाखाली एक उतरल्या आहेत, आणि त्यांच्या बायका कंसात आहेत, त्याही सासरच्या नावाने.

आता ती ओटी गेली नि माजघरही गेले. आम्ही चिरंजीवांकडे डोंबिवलीस राहतो. दोन खोल्या नि स्वयंपाकघर, माणसे सहा. घरातील प्रत्येक सपाट जागेला तासातासाने मालक बदलतो. जेवणाच्या मेजावर सकाळी सहाला डबे भरले जातात, आठला नातवाची चित्रकला पसरते, दुपारी कपड्यांच्या घड्या होतात, सायंकाळी भाजी निवडली जाते. अशा घरात ‘माझी लिहिण्याची जागा’ असे कोणी म्हणू लागला तर बाकीचे पाच जण त्याच्याकडे पाहतच राहतील.

मार्च २०२० मध्ये टाळेबंदी आली तेव्हा या प्रश्नाचा उलगडा आमच्या डोळ्यांसमोर झाला. कचेरी आणि शाळा, दोन्ही घरात शिरल्या. चिरंजीव जेवणाच्या मेजावर संगणक घेऊन बसले. नात मोबाईल घेऊन आतल्या खोलीत पलंगावर बसली. तिची शाळा तीच. सूनबाई एका विमा कंपनीत आहेत. त्यांनी इस्त्रीचे टेबल स्वयंपाकघरात ओट्याशेजारी उभे केले आणि त्यावर आपले काम मांडले. दोघांचे काम सारखेच, पगारही जवळजवळ सारखा, घर तेच. शिक्षकाला वर्गावर नजर ठेवावयाची सवय असते, तशी आम्ही ती ठेविली. चिरंजीवांच्या टेबलाभोवती गडबड कमी नव्हती. समोरच दूरदर्शन, बाजूला नातवाची गाडी. पण त्यांनी कानात यंत्र घातले की त्यांना कोणी काही विचारीत नसे. सूनबाईंच्या स्वयंपाकघरात तुलनेने शांतता होती. आणि तेथे दर पाच मिनिटांनी कोणी ना कोणी जात होते. आई, पाणी दे. अगं, चार्जर कुठाय? दाराशी दूधवाला आहे, सुटे पैसे आहेत का?

तेव्हा आमच्या ध्यानात एक गोष्ट पक्की बसली. लिहिणाऱ्याला गोंगाट मारीत नाही, हाक मारते. जो आवाज आपल्यासाठी नाही तो पावसासारखा अंगावरून निथळून जातो. एकशिक्षकी शाळेत चार इयत्ता एका खोलीत पाढे म्हणत असताना आम्ही हजेरीपत्रके आणि मासिक तक्ते लिहिले आहेत, आणि त्यांत बेरीज चुकल्याचे आठवत नाही. लोकलच्या डब्यात माणसे एकमेकांच्या खांद्यावर उभी असतात, तरी तेथे कोणी पोथी वाचतो, कोणी हिशेब लिहितो. महिलांच्या डब्यात मुली स्पर्धापरीक्षेचा अभ्यास करतात, असे सूनबाई सांगतात. कारण त्या तासाभरात त्यांना नावाने हाक मारणारे कोणी नसते. निदान पूर्वी नसे. आता मोबाईल हाक खिशात घेऊनच फिरतो. हाक आली की उठावे लागते, आणि उठलेला माणूस परत येतो तेव्हा वाक्य तेथे नसते. घरात लिहिण्याची जागा शोधणे म्हणजे कोपरा शोधणे नव्हे. घरातील इतरांकडून, अमुक वेळ मला हाक मारू नका, एवढी कबुली मिळविणे, हीच खरी जागा.

या दृष्टीने थोरांची चरित्रे पाहिली म्हणजे पुष्कळ गोष्टी उलगडतात. लोकमान्यांनी ‘गीतारहस्य’ मंडालेच्या तुरुंगात १९१०-११ च्या हिवाळ्यात पेन्सिलीने लिहून काढले. ते छापून निघाले १९१५ साली. साने गुरुजींनी ‘श्यामची आई’ नाशिकच्या तुरुंगात ९ फेब्रुवारी १९३३ रोजी, गुरुवारी, लिहावयास घेतली आणि सोमवारी पहाटे ती पुरी झाली. पंडित नेहरूंचा भारताच्या शोधावरील ग्रंथ १९४४ मध्ये अहमदनगरच्या किल्ल्यातील बंदिवासात झाला. तुरुंगवास कोणालाही गोड नसतो, आणि या थोर पुरुषांनी भोगलेले हाल आम्ही हलके लेखीत नाही. पण तेथे एक गोष्ट नव्हती : ‘अहो, गॅस संपला’ असे सांगत येणारे माणूस नव्हते. म्हणून लेखकाने तुरुंगात जावे, असा याचा अर्थ कोणी करू नये. तेथेही आता गर्दी फार असते, असे ऐकतो. आपल्यासारख्यांस शिकावयाचे ते घरात राहून ज्यांनी जमविले त्यांच्यापासून.

यात आम्हांस सर्वांत मोठे उदाहरण वाटते ते डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या बाळपणीचे. परळच्या चाळीत सुभेदार रामजींच्या कुटुंबास एकच खोली होती. स्वयंपाक, निजणे आणि अभ्यास तीतच. चरित्रकारांनी लिहून ठेविले आहे की, वडील रात्री दोन वाजेपर्यंत जागे राहत, मग मुलाला अभ्यासासाठी उठवीत आणि त्यानंतर स्वतः निजत. पुढे १९०७ मध्ये तो मुलगा मॅट्रिक झाला, आणि त्यानंतरचे साऱ्या जगाला ठाऊक आहे. दादरला ग्रंथांसाठी ‘राजगृह’ उभे राहिले ते पुष्कळ नंतर. त्या एका खोलीला भिंत घालणे शक्य नव्हते, म्हणून रामजींनी रात्रीलाच भिंत घातली, आणि त्या भिंतीची किंमत आपल्या झोपेने चुकती केली. ज्ञातिबंधूंनो, मुलाला स्वतंत्र खोली नाही म्हणून हळहळणारे पालक आम्हांस पुष्कळ भेटतात. दोन वाजेपर्यंत जागणारे किती भेटतात, ते सांगत नाही.

आता भगिनींकडे वळू. कारण आमच्या कोऱ्या चौकोनाचे खरे मूळ तेथे आहे. १९२९ साली व्हर्जिनिया वुल्फ या इंग्रज लेखिकेने असे मांडले की, स्त्रीला लिहावयाचे तर तिला स्वतःची खोली हवी आणि वर्षाला पाचशे पौंड हवेत. डोंबिवलीतील खोलीचा भाव पाहता ती बाई मागण्यात फारच संयमी म्हणावी लागेल! आपल्याकडील लेखिकांना खोली मिळाली नाही. त्यांना मिळाले ते उशीराने. श्रीमती रमाबाई रानड्यांना न्यायमूर्तींनी स्वतः शिकविले, परंतु घरातील वडीलधाऱ्या बायकांना सुनेचे ते शिकणे खपत नसे. त्या बोलण्यांची हकीकत रमाबाईंनी आपल्या आठवणींत दिली आहे. न्यायमूर्ती १९०१ मध्ये गेले. आठवणींचे पुस्तक निघाले १९१० मध्ये. लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रां’चा पहिला भाग १९३४ साली प्रसिद्ध झाला, तेव्हा त्यांनी साठी केव्हाच ओलांडली होती. ऐन संसारात त्यांच्यापाशी सांगण्यासारखे नव्हते काय? होतेच, त्याच संसाराचे तर ते पुस्तक आहे.

आणि बहिणाबाई चौधरी. त्यांना अक्षरओळख नव्हती. शेतात आणि जात्यावर त्यांची कविता झाली. चिरंजीव सोपानदेवांनी आणि आप्तांनी ती टिपून घेतली. १९५१ मध्ये त्या गेल्या आणि १९५२ मध्ये अत्रे यांच्या प्रस्तावनेसह पुस्तक निघाले. जात्याची घरघर कमी नसते. पण पहाटे दळावयास बसलेल्या बाईला घरात कोणी हाक मारीत नसे, कारण ती कामावरच असे. तिचे हात घराचे, पण मन त्या तासापुरते तिचे स्वतःचे. पुढे पिठाची गिरणी आली, बायकांच्या पाठीचे कष्ट वाचले, हे उत्तमच झाले. मात्र तो बिनहाकेचा तासही जात्याबरोबर गेला, आणि त्याची भरपाई घरातील कोणी केली नाही.

आपल्या ज्ञातीतील एक वृद्ध काकू काही वर्षांपूर्वी निवर्तल्या. घराण्याचे नाव सांगण्याचे प्रयोजन नाही. त्यांच्या मुलांनी माहितीपत्रक भरून पाठविले होते. आठवणींचा चौकोन कोरा होता. वर्षभराने घर रंगविण्यास काढले तेव्हा फडताळातून वाण्याच्या हिशेबाच्या चार वह्या निघाल्या, त्या सूनबाईंनी टाकून न देता आमच्याकडे आणून दिल्या. तूरडाळ दोन किलो, गोडेतेल, काड्याची पेटी, आणि मध्येच : आमच्या आजीला माहेरी काय म्हणत, तिच्या आईचे गाव कोणते, देवीच्या साथीत कोणत्या बहिणी गेल्या, मुलगी झाली म्हणून कोणी पेढे वाटले नाहीत तेव्हा कोणत्या शेजारणीने आपल्या पैशाने साखर वाटली. पुन्हा साबण, रवा, चहापूड.

आम्ही चाळीस वर्षे मुलांची अक्षरे तपासली आहेत. बसून लिहिलेले अक्षर कोणते नि उभ्याने लिहिलेले कोणते, हे आम्हांस कळते. उभ्याने लिहिताना मनगटाला आधार नसतो, ओळ उजवीकडे खाली उतरत जाते. त्या चारही वह्यांतील ओळी खाली उतरलेल्या आहेत. सगळे ओट्याशी उभे राहून लिहिलेले. जवळजवळ प्रत्येक नोंद अर्ध्यावर तुटली आहे, आणि तुटली तेथे पेनाची रेघ निघालेली आहे, जशी ती कोणी हाक मारल्यावर दचकून निघते. एके ठिकाणी वाक्य आहे : ‘माझ्या आजीने मला एकदा सांगितले की आपल्या घरात पूर्वी’ — आणि त्यापुढे काही नाही. पुढची नोंद गॅस सिलिंडरची.

त्या वह्यांतील एका माहेरच्या नावामुळे, आजवर परस्परांशी संबंध नाही असे समजणाऱ्या दोन गावांतील दोन घरांचा धागा जुळला. हा धागा कोणत्याही खंडाच्या कागदात नव्हता; तेथे तो असणे शक्यच नव्हते. त्या ‘पूर्वी’च्या पुढे काय होते ते आता कोणी सांगू शकणार नाही.

असो. आता व्यवहाराचे बोलू. आमच्या घरी सध्या जी व्यवस्था आहे ती सांगतो. कोणास उपयोगी पडली तर पाहावी. आमची वेळ पहाटे साडेचार ते सहा, जागा जेवणाचे मेज. पेशवे दफ्तरातील कागद रुमालात बांधून ठेवीत. तोच प्रकार आम्ही उचलला आहे. एक जाड मांजरपाटाचा चौकोनी रुमाल मेजावर पसरावयाचा, त्यावरच सगळे कागद, चष्मा आणि पेन. डबे आले की चार टोके उचलून गाठ मारावयाची. आमची कचेरी अर्ध्या मिनिटात बंद होते आणि एकही कागद पोळीखाली जात नाही. दुसऱ्या दिवशी गाठ सोडली की कालचे पान वरच असते. हे महत्त्वाचे आहे. ज्याला रोज कागद शोधण्यापासून सुरुवात करावी लागते त्याचा तास शोधण्यातच जातो. पुष्कळांना महागाचे टेबल घेतल्यावाचून लिहवत नाही. आमचे म्हणणे, आधी रुमाल घ्यावा.

दुपारी तीन ते चार हा तास आमच्या कुटुंबाचा. आम्ही हे सुचविले तेव्हा, ‘अहो, मी काय लिहिणार?’ एवढेच त्या म्हणाल्या. त्या तासात दाराची घंटा आम्ही पाहावयाची, दूरध्वनी आम्ही घ्यावयाचा, नातवंडांनी काही विचारावयाचे ते आम्हांस. पहिल्या दिवशी त्यांनी वाण्याची यादी केली. दुसऱ्या दिवशी मेजावर डोके ठेवून स्वस्थ झोपल्या. तेही आम्ही मोडले नाही, तास त्यांचा होता. असे दहाबारा दिवस गेले. मग एके दुपारी आम्हांस गॅलरीतून बोलावून विचारले, ‘अहो, पणजीला पणजीच लिहू की तिचं नाव लिहू?’ सध्या त्यांची दुसरी वही चालू आहे. आम्हांस ती वाचावयास मिळत नाही.

यात खर्च नाही, पण मेहनत आहे, आणि ती लिहिणाराची नव्हे. हाक अडविणाऱ्याची आहे. नातवाला प्रथम समजत नसे. आता तो स्वतःच पाहुण्यांना दारात थांबवितो आणि आजीचा तास चालू आहे असे सांगतो. पाहुणे थोडे चमकतात.

परंतु प्रत्येक घरात असे जमेल अशी आमची समजूत नाही. एका खोलीत आजारी माणूस आहे, दुसऱ्या खोलीत बारावीचा मुलगा आहे, सून कामावर जाते, सासूवर घर आहे, तेथे तास काढावयाचा कोठून? अशा घरांसाठी संघाने काही करावे, ही आमची आजची विनंती.

आपल्या या वास्तूत लग्नसराईखेरीज सोमवार ते गुरुवार दुपारी शुकशुकाट असतो. वरच्या मजल्यावर एक खोली आहे. तीत सध्या लग्नकार्याची पातेली, जुन्या सतरंज्या आणि मोडक्या खुर्च्या आहेत. खिडकी पूर्वेस असल्याने दुपारी ऊन येत नाही, उजेड मात्र भरपूर येतो. पंखा चालतो, तो आम्ही लावून पाहिला. तेथे दोन मेजे नि चार खुर्च्या टाकाव्यात. दुपारी दोन ते पाच ही खोली ज्या भगिनींना लिहावयाचे असेल त्यांच्यासाठी आधी, आणि जागा उरली तर बंधूंसाठी. वर जाताना मोबाईल खाली व्यवस्थापकांकडे ठेवावा. बरोबर लहान मूल असेल तर ते खालच्या सभागृहात आपल्या तरुण मंडळाच्या स्वयंसेवकांनी सांभाळावे. दरवर्षी ते आमच्याकडे समाजकार्य काय करावे म्हणून विचारावयास येतात, त्यांना हे सांगितलेच आहे. काय लिहावे याला बंधन नको. कुलवृत्तांताचा मजकूर असेल तर आम्ही आनंदाने घेऊ; खाजगी असेल तर तो ज्याचा त्याने घरी न्यावा.

तसा अर्ज आम्ही कार्यकारी मंडळाकडे दिला आहे. अध्यक्षमहाशयांनी तो सहानुभूतीने विचारात घेण्याचे आश्वासन दिले आहे, त्याबद्दल त्यांचे आभार मानतो. मोठी पातेली कोठे हलवावयाची हा प्रश्न निघाला होता, कारण जिन्याखालच्या कपाटात ती मावत नाहीत. आपल्या एका बंधूंनी ती स्वतःच्या गाळ्यात ठेवण्याचे कबूल केले आहे. सतरंज्यांचे तेवढे कोणी पाहावे.

जाता जाता एक सूचना. नवी माहितीपत्रके बाहेरच्या मेजावर ठेविली आहेत. जेवणास बसण्यापूर्वी प्रत्येक कुटुंबाने एक घेऊन जावे. यंदाच्या पत्रकात ‘आईचे माहेरचे संपूर्ण नाव’ असा एक रकाना वाढविला आहे, आणि आठवणींचा चौकोन आता पानभर केला आहे.